वरचं दूध

माझी बिस्किटं खाल्ली की बाळंतिणीला दूध येतं, असं आमच्या पाऱ्यातल्या बाया अजून सांगतात. रायपुरात मोहल्ल्याला पारा म्हणतात आणि आमचा पारा पंडरीच्या कापडबाजाराच्या मागे आहे. एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने आपल्या माहेरी सांगितलं, आणि बघता बघता माझं नाव झालं. मी कोणाचं खोडून काढलं नाही. जिने विचारलं तिला कृती दिली, चमच्याच्या मापासकट दिली. जे सांगायला हवं होतं तेवढं सोडून बाकी सगळं सांगितलं.

नवीन राज्य झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. रायपूर राजधानी झालं होतं. भोपाळहून बदलून आलेले साहेब लोक घरं शोधत फिरत होते, सगळे रस्ते एकदमच खणून ठेवले होते, आणि जो तो ‘अब तो राजधानी है’ म्हणत धूळ खात होता. माझा मुलगा उरल्याला रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर होता. आठवडाभर दिवसपाळी, आठवडाभर रातपाळी. रातपाळी करून आला की दुपारी चारपर्यंत झोपायचा, आणि तोवर घरात भांडं वाजलेलं त्याला चालत नसे. त्याचे वडील वारून दीड वर्ष झालं होतं. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. पोरांना ओळीत उभं करायची सवय हाताला होती आणि समोर पोरं नव्हती.

सून बिलासपूरची. तिचे आजोबा रेल्वेत लागले तेव्हा वर्ध्याकडून आलेले, त्यामुळे घर मराठी. पण हिच्या जिभेवर हिंदीच. मी मराठीत विचारायचं, तिने हिंदीत उत्तर द्यायचं, असं आमचं बरं चाललं होतं; हो म्हणायला तेवढं दोघी ‘हव’ म्हणायचो. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. पण तिच्या आईच्या मांडीचं हाड मोडलं आणि ती तीन महिने पलंगावर पडली, म्हणून ते माझ्याकडे आलं. दुसऱ्याची लेक. काही कमीजास्त झालं तर नावं ठेवायला सगळं बिलासपूर मोकळं. मी कंबर कसली.

ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली, चांगली तीन किलोची. दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी सुनेने माझा हात धरला आणि जवळ बसवलं. तिच्या भावाचं पहिलं बाळ बाटलीच्या दुधाने गेलं होतं. जुलाब लागले, चार दिवसांत खेळ संपला. तेव्हा ही कॉलेजात होती आणि ते बाळ हिच्याच मांडीवर असायचं. मला हे माहीत नव्हतं.

“आई, बाहर का दूध मत देना,” ती म्हणाली. “कितना भी रोए, मुझे उठा देना. मैं सो रही हूँ, कुछ भी हो, उठा देना.”

“नाही देत बाई,” मी म्हटलं. “काहून देईन? तुयं दूध काय कमी आहे का?”

कमीच होतं. ऑपरेशननंतर उशिराच उतरतं, तिसऱ्याचौथ्या दिवशी थोडंथोडं येऊ लागलं. मी अळिवाचे लाडू केले. आमच्याकडे बाळंतिणीला दुसरं काही ठाऊकच नाही: अळीव, डिंक, मेथी, खोबरं. तिने पहिला लाडू तोंडात घातला आणि ओकली. दुसऱ्या दिवशी वासानेच ओकली. मेथीचा लाडू तिने उशीखाली लपवला. तो चादर झटकताना माझ्या पायावर पडला. मला राग आला, खोटं का बोलू. सात दिवस खपून केलेले लाडू, आणि ही पोट्टी चहात बिस्किट बुडवून जगायला बघते.

त्या रागातच मला सुचलं. बिस्किट पाहिजे ना तुला, मग घे बिस्किट.

तेव्हा आमच्याकडे बिस्किटं विकत कमी आणायचे. घरची कणीक, साखर, तूप घेऊन भट्टीवर जायचं आणि ट्रे भरून भाजून आणायचे. तिथे बसून राहावं लागतं. जरा नजर हटली की तुमचं तूप बाजूला आणि डालडा तुमच्या कणकेत. मी पिशवी घेऊन गेले. कणकेत मेथी भाजून कुटलेली, अळीव भिजवून वाळवलेलं, जवस, तीळ, डिंकाची पूड, शतावरी. भट्टीवाल्याने मुठीत पीठ घेऊन हुंगलं.

“दीदी, ये बिस्किट है कि काढ़ा?”

“तुम भूनो,” मी म्हटलं. “खाना तुमको नहीं है.”

मी दोन तास स्टुलावर बसून माझ्या तुपावर पहारा दिला. बिस्किटं कडू झाली आणि हात लावला की भुगा. दुसऱ्या खेपेला मी गूळ वाढवला, मेथी कमी केली, दुधाचा हात लावला. ती बरी जमली. तिसऱ्या खेपेला भट्टीवाल्याने हात जोडले. माझ्या मेथीचा वास त्याच्या ट्रेला लागला होता आणि लग्नाच्या ऑर्डरच्या नानकटाईला तो वास आला म्हणून गिऱ्हाईक भांडून गेलं होतं. मग मी घरचा गोल ओव्हन काढला. ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेचं भिंग असलेला. एका वेळी बारा बिस्किटं मावायची. झाकणाशी कान देऊन बसायचं, भिंगातून बघायचं, एक मिनिट इकडेतिकडे झालं की खालून काळी.

सून ती बिस्किटं आवडीने खाऊ लागली. सकाळी चार, दुपारी चार, संध्याकाळी चार. “आई, ये वाली अच्छी बनी हैं,” म्हणायची. मला बरं वाटायचं. एवढं सोपं असतं सासूला खूश करणं.

दूधही वाढत होतं. पहिले पंधरा दिवस खरंच वाढत होतं, हे मी मुद्दाम सांगते.

मग मुलाची रातपाळी लागली. दुपारची वेळ. तो आतल्या खोलीत झोपलेला, सून बाहेरच्या खोलीत. रात्रभर पाजून, टाके दुखून तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि कधी नव्हे ती गाढ झोपली होती. मी स्वयंपाकघरात. ओव्हनमध्ये बारा बिस्किटं, अजून पाच मिनिटांची. आणि नात उठली. मी धावत जाऊन तिला उचलून आणलं, मांडीवर हलवलं, थोपटलं. ती लालबुंद झाली. सुनेला उठवायचं, एवढंच करायचं होतं. पण मी दारातून तिच्याकडे बघितलं आणि मला दया आली. भिंगातून बिस्किटांकडे बघितलं आणि ती करपतील असं वाटलं. दोन्ही खरं आहे, कुठलं जास्त ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

कपाटात चांदीचं बोंडलं होतं. मुलाला मी त्यातूनच पाजलेलं, चोच असलेलं, वाटीएवढं. सकाळचं तापवलेलं गाईचं दूध होतं. अर्धं पाणी घातलं, उकळून गार केलं, आणि चोच तिच्या ओठाला लावली. ती गटगट प्यायली आणि माझ्या कुशीत झोपून गेली. बिस्किटं छान झाली होती.

सून उठली तेव्हा म्हणाली, “रोई नहीं?”

“नाही,” मी म्हटलं. “झोपूनच होती.”

शाळेत मी खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं करत होते. बत्तीस वर्षं केलं ते काम.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी दूध आधीच उकळून ठेवलं. याला सवय म्हणतात. दुपारी एकदा, मग सून आंघोळीला गेली की एकदा. मी मनाला समजावलं की हे वरचं दूध नव्हेच. वरचं दूध म्हणजे बाटली, डबा, भुकटी. हे तर घरचं, चार घोट, निम्मं पाणी. माझ्या नवऱ्याने सरकारी कचेरीत नोकरी केली, पण उभ्या जन्मात वरची कमाई घरात येऊ दिली नाही. एकदा कोणी दिवाळीला मिठाईचा डबा ठेवून गेलं तर उन्हात सायकल हाणत परत देऊन आले. “वरचं ते वरचंच,” म्हणाले होते, “चमचाभर असो की पोतंभर.” मला ते बोलणं आठवत होतं. तरी मी बोंडलं धुऊन, पुसून, कपाटात साड्यांच्या मागे ठेवत होते.

दीड महिन्याने समता कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सून म्हणाली, “मॅडम, दो मिनट पीती है और छोड़ देती है. मुझे लगता है दूध कम हो रहा है.” डॉक्टरीणबाईंनी बाळाला वजनकाट्यावर ठेवलं. वजन उत्तम वाढलं होतं.

“वजन बढ़ रहा है, मतलब दूध मिल रहा है,” त्या म्हणाल्या. मग मान वर करून सहज विचारलं, “ऊपर का कुछ देते हैं क्या?”

त्यांनी दोघींना विचारलं. सून म्हणाली, “नहीं नहीं, बिल्कुल नहीं.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“नहीं,” मी म्हटलं.

“बहुत अच्छा. देखिए, माँ का दूध ऐसा है, जितना बच्चा पिएगा उतना बनेगा. नहीं पिएगा तो बनना बंद.” आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून, “खाने में क्या दे रहे हैं?”

सून उत्साहाने बिस्किटांचं सांगू लागली. मेथी, अळीव, जवस, सगळं. डॉक्टरीणबाई हसल्या. “फिर तो सासू माँ का कमाल है.” त्यांच्या समोर बसलेल्या एका बाईने लगेच पर्समधून कागद काढला आणि कृती लिहून घेतली. माझं नाव झालं ते तिथून.

घरी येताना रिक्षात मी तेच घोकत होते. जितना पिएगा उतना बनेगा. मला कळलं होतं. अडाणी असते तर एक वेळ सुटले असते. मी ठरवलं, उद्यापासून बंद.

बंद केलं. दोन दिवस. पण आता सुनेला खरंच कमी येत होतं आणि नातीला पोटभर प्यायची सवय झाली होती. ती दोन दिवस किंचाळली. सून तिला या कुशीवरून त्या कुशीवर घेत होती आणि रडत होती. मुलगा झोपेतून उठून दारात आला आणि बायकोवर ओरडला, “अरे, पेट भर के पिलाती क्यों नहीं?” तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी त्याला आत ढकललं. आणि तिसऱ्या दिवशी मी पुन्हा बोंडलं काढलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात; माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन होतं. कोणीही बघेल असं वाटायचं, आणि कोणीच बघत नव्हतं.

सांगता आलं असतं. त्या दोन दिवसांत सांगितलं असतं तर डॉक्टरीणबाईंनी काही उपाय दिला असता, दूध परत आलंही असतं. मी सांगायच्या ऐवजी जास्त बिस्किटं केली. शतावरी दुप्पट घातली. दिवसाला तीन घाणे काढायला लागले. सून ती औषधासारखी चावून चावून खायची, डोळे मिटून. आता ‘अच्छी बनी हैं’ म्हणत नव्हती.

तिसऱ्या महिन्यात दूध थांबलं. एका सकाळी तिने अंगाशी लावलेल्या बाळाला दूर केलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, “आई, डब्बा मँगवा दीजिए.” एवढंच. डबा आला, बाटली आली. ती बाटली दर वेळी दहादहा मिनिटं उकळायची, बोटं भाजायची तरी उकळायची. बाळाला जरा पातळ झालं की हिचा जीव खालीवर. मी एकदा स्वयंपाकघरातून ऐकलं, ती बाळाला म्हणत होती, “सॉरी बेटा. मम्मा में ही कमी है.” हे ती रोज म्हणत असे. कधी हसत, कधी नुसतंच, तोंडाला सवय लागल्यासारखं.

तिची आई पाय बरा होताच काठी टेकत आली. तिने डब्यातलं एक बिस्किट उचललं, मोडलं, हुंगलं.

“हे खाऊ घालून राहिल्या होत्या तुम्ही माह्या पोरीले? मैद्यानं कोणाले दूध येते का? मैद्यानं तर वाळते!”

“मैदा?” मी ताडकन उठले. “घरची कणीक आहे ती! शरबती गहू! चिमूटभर मैदा असंन तर नाव बदलीन!”

“मंग वाळलं काहून?”

“मले काय विचारता? बिस्किटानं नाही वाळलं, एवढं सांगते!”

“मंग कशानं?”

सून मध्ये उभी होती, बाळ खांद्यावर. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. मग मी मैद्यावरच भांडत राहिले, चांगला अर्धा तास भांडले, तुपाची बरणी आणून दाखवली, गव्हाचं पोतं दाखवलं. माझ्या बिस्किटांच्या अब्रूसाठी मी जेवढं भांडले तेवढं आयुष्यात कशासाठी भांडले नाही. विहीण रुसून गेली. सून संध्याकाळी मला म्हणाली, “आई, आप माँ की बात का बुरा मत मानिए. आपने तो इतनी मेहनत की. मेरा शरीर ही ऐसा है.”

त्या रात्री मी जेवले नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

नात वाढली. देवाने तिचं काही वाईट केलं नाही, धडधाकट झाली. पण सून बदलली. आधी ती बडबडी होती, उंबऱ्यावर बसून शेजारणीशी हसायची. आता कोणी बाळाला अंगावर पाजताना दिसलं की उठून आत जायची. कोणाच्या बारशाला गेलो तर बाया सहज विचारत, “अपना दूध पिलाया था?” आणि ती मान खाली घालून म्हणायची, “नहीं, मुझे आता ही नहीं था.” आणि लगेच एखादी माझ्याकडे वळून म्हणायची, “अरे, आपके बिस्किट से भी नहीं आया?” मी म्हणायचे, “सगळ्यांले लागू नाही पडत.” हे वाक्य मी इतक्या सहज म्हणायचे की मलाच माझी भीती वाटते.

चार वर्षांनी दुसरं झालं, मुलगा. तोवर माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं पाठोपाठ झाली होती. डॉक्टरांनी आगीजवळ जायला मनाई केली होती. माझं अंथरूण मागच्या खोलीत होतं, काळा चष्मा लावून मी पडलेली. स्वयंपाकाला बाई ठेवलेली. बाळ रडलं की कोणीतरी सुनेला हाक मारायचं आणि ती उठायची. लाडू नाही, बिस्किटं नाही, वरणभात आणि भाजी. दूध इतकं आलं की तिचे ब्लाऊज भिजायचे.

एका दुपारी ती माझ्या डोळ्यांत थेंब घालायला आली, मांडीवर बाळ तसंच पीत होतं. थेंब घातले, आणि माझ्या पलंगावरच बसून राहिली. मला धूसर दिसत होतं. ती रडत होती हे मला आवाजावरून कळलं.

“आई, इसको तो इतना आता है. फिर उसको क्यों नहीं आया? उस बेचारी ने क्या बिगाड़ा था? मैंने ही कुछ गलत किया होगा ना?”

डोळ्यांत औषध होतं, त्यामुळे माझे डोळे मिटलेले होते. कदाचित म्हणूनच तोंड उघडता आलं.

“तुयं काही चुकलं नाही,” मी म्हटलं. “तुयात काही कमी नव्हती. तवाही तुले दूध होतं. भरपूर होतं. दुसऱ्याच्या चुकीनं वाळलं ते.”

मी पुढचं वाक्य जुळवत होते. जुळलं होतं, फक्त बोलायचं होतं. तेवढ्यात तिने वाकून माझ्या कपाळावर हात ठेवला. तिचा हात गरम होता, दुधाचा वास येत होता.

“आप कितनी अच्छी हैं, आई,” ती म्हणाली. “मेरा मन रखने के लिए बोल रही हैं ना?”

मी हाताने चाचपून तिचं मनगट धरलं. बाळ चुटुचुटू पीत होतं, मला ऐकू येत होतं. ती उत्तराची वाट बघत होती.

“हव,” मी म्हटलं.